बोरीला बांधलेल्या चिंध्या

४ जानेवारी १९७३, वाशीम
उन्हातल्या रानबोरांत सावलीतल्यांपेक्षा क जीवनसत्त्व, म्हणजेच अँटिऑक्सिडंट, जास्त असणारच. नागपूरच्या परिषदेत पेपर वाचतो, असं प्राचार्यांना सांगून बसलोय. सौ. म्हणाली, बोर तुच्छ फळ, आपल्या जैनांत खात नाहीत. म्हटलं, खायची नाहीत, तपासायची आहेत.
संकल्प: मन, वचन, काया, तिन्हींनी अहिंसा. आज टायट्रेशनमधून एक अळी वाचवली. नमुना वाया.

११ जानेवारी, मानोरा
बंजारा तांड्यामागच्या बरड माळावर ठेंगणी बोर, दुष्काळातही लगडलेली. उन्हाकडच्या फांद्यांना लाल चिंध्या बांधल्या, सावलीकडच्यांना पांढऱ्या. तांड्यावरच्या मोतीबाईला सांगितलं, मोठं काम आहे, कुणी हात लावू नका. तिने हात जोडले. विज्ञानाचा एवढा मान कॉलेजातही नाही.

१९ जानेवारी
एकही बोर तुटलेलं नाही! बुंध्याला शेंदूर, पुढे नारळ. चिंध्या वाढल्यात, माझ्या कोणत्या, ओळखू येतं. बहुधा.
मोतीबाईचा नवरा हरिसिंग म्हणाला, परवा बोकड कापणार, पाण्यासाठी नवस. म्हटलं, कापू नका. त्याने विचारलं, "चिंध्या कोनं बांधल्या?" म्हटलं, मी. "मंग देव तुमीच बसवला. आता कायले भेता?"
मुळाशी रक्त गेलं तर मातीच बदलेल. बोकडाचाही विचार आला. आधी कोणता आला, लिहीत नाही.

२१ जानेवारी, रविवार
समजावलं. हसले. बोकड पळावा म्हणून लहानसा दगड मारला. शुद्ध जीवदया. हरिसिंगच्या कपाळावर बसला. रक्ताची धार थेट बुंध्यावर. त्याच्या भावाने मला आपटलं, मी त्याच्या दंडाला चावलो, मोतीबाईने पाठीत नारळ घातला. चष्मा पडल्यावर आणखी दगड मारले. कुणाला लागले, दिसलं नाही, म्हणून हिशेबात धरत नाही. मनात द्वेष नव्हता. वचनात थोडा होता.
तांड्याचे म्हातारे प्रमुख, नाईक सेवादास ओरडले, "थांबा रे! देवाले रगत भेटलं. बोकड सोडा."
जीव वाचला. अहिंसेचा विजय.

२२ जानेवारी
एक डोळा बंद. नमुने आणायला गेलो. सोडलेल्या बोकडाने रात्रीतून बोर ओरबाडली होती. उन्हाकडची, सावलीकडची, सगळी बोरं साफ. चिंध्यासुद्धा. देवाचा बोकड, हाकलणार कोण?
डोक्याला फडकं बांधून हरिसिंग तिथेच बसला होता. म्हणाला, "मास्तर, पुढच्या साली बी तुमीच या. नेम चांगला हाय तुमचा."
कोणत्या तिथीला, ते विचारून घेतलं. बोरं तेव्हा पिकलेली असतात.