आईचे कान शाबूत आहेत, दादा

प्रिय दादा,

आई आज दवाखान्यातून घरी आली. आल्यापासून गल्लीतल्या बायकांना ओट्यावर बसवून आजाराची हकिगत सांगतेय, आणि दर खेपेला ती वाढतेय. आता तर डॉक्टर तिच्या पाया पडत होते इथपर्यंत मजल गेलीय. तिची हकिगत तुमच्यापर्यंत पोचायच्या आत खरं काय ते लिहून टाकावं, म्हणून बसले.

भाजी चिरताना तिच्या बोटाला विळी लागली. तिनं काय केलं असेल? तुम्ही मेंढरांना करायचात तेच! जखमेत चुना-तंबाखू भरला, चिंधी बांधली आणि वरून पदर गुंडाळला. घरात तुमची लेक नर्स असून तिच्यापासूनच लपवायचं! ताप भरला तेव्हा मी पदर बाजूला केला, तर बोटापासून कोपरापर्यंत लाल रेघ चढलेली.

मला तुमचा पाय आठवला.

तुम्हाला त्यातलं काय आठवणार म्हणा! पायातला बाभळीचा काटा काढून, असाच चुना-तंबाखू भरून तुम्ही चिकलठाण्याला कारखान्याच्या गेटवर ड्युटीला उभे राहिलात. मेंढरं कधीच विकली होती, पण औषध मेंढरांचंच. मग थंडी वाजून ताप आला, अंगावर दोन-दोन घोंगड्या. आणि एका सकाळी अंग गार लागलं. ताप उतरला म्हणून आईनं बिरोबापुढं नारळ फोडून शेजारीपाजारी खोबरं वाटलं. तुम्ही मात्र विकलेल्या मेंढरांना हाका मारत होतात. नखं निळसर, लघवी बंद. मी नर्सिंगला नुकतीच लागले होते, पण एवढं कळत होतं की हा उतार नाही. रक्तात जंतू पसरले की शेवटी माणूस असाच गार पडतो.

त्यात विद्यापीठाच्या नामांतरासाठी बंद. शेजारच्या रफिकभाईंनी आपला टेम्पो काढला, तर पुढं रस्त्यावर दगड लावून पोरं उभी. त्यातल्या एकानं घोंगडी बाजूला करून तुम्हाला पाहिलं. मग दगड सरकवले आणि स्वतःच रफिकभाईंशेजारी येऊन बसला, पुढं कुणी अडवू नये म्हणून. विद्यापीठाला नाव मिळालं तेव्हा तो पेढे घेऊन घरी आला होता, दादा. तोवर तुम्ही गेला होतात. तुमच्या वाटणीचा पेढा मी खाल्ला.

डॉक्टर म्हणाले, बीपी लागत नाही, किडन्या थांबत चालल्यात, इंजेक्शन द्यावंच लागेल. पण त्यानं कान जाऊ शकतात. घरात सही येणारी मी एकटी. मी सही केली. तुम्ही वाचलात. पायाची काळी पडलेली दोन बोटं गेली आणि दोन्ही कान गेले. किती दिवस मी तुमच्या नजरेला नजर देत नव्हते! शेवटी खुणा करून सांगितलं, सही माझी होती. तुम्ही माझाच कान पिरगाळलात आणि म्हणालात, "बरं झालं. तुझ्या आईच्या बडबडीतून सुटलो."

सुटलात कसले! रानात या टेकडीवरून त्या टेकडीवर काठीनं बोलायची आपली रीत, तीच घरात आली. काठी डोक्यावर आडवी धरली की कळप पुरा. खाली झुलवली की एक जनावर कमी. संध्याकाळी आम्ही घरी आलो की तुम्ही दारात काठी आडवी धरून उभे! आईला किती लाज वाटायची आणि किती आवडायचं.

तीच आई त्या दिवशी मला म्हणते, "मी नाय येत. तुमचं इंजेक्शन कान खातंय." मी समजावलं, दर वेळी तसं होत नाही, दुसरी औषधंही आहेत, लवकर गेलो तर निवडायला वेळ मिळतो. तर म्हणाली, मग लिहून दे, कान जाणार नाय म्हणून. कसं लिहून देऊ, दादा? खोटं बोलून न्यावं असं शंभरदा मनात आलं. तशी हमी देता येत नाही, एवढंच मी म्हणाले.

"तुझ्या बापाला तरी कुणी इचारलं व्हतं का?"

तुम्ही शुद्धीत नव्हतात हे खरं. पण तिच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हे, हे मलाही कळत होतं.

मी कोपऱ्यातली तुमची काठी उचलली आणि खाली झुलवली. मला दुसरं काही सुचेना. आई बघत राहिली. एक जनावर कमी असताना रानात कुणी भाकरीला हात लावत नाही, हे तिला मी कशाला सांगू! मग लुगडं सावरत उठली. "ठिव ती काठी. मी काय मेंढी हाय व्हय?" आणि माझ्याआधी चपला घालून दारात उभी.

लवकर पोचलो, म्हणून निभावलं. रक्त तपासायला घेतलं आणि लगेच शिरेतून औषध सुरू झालं. बीपी ढळला नाही, किडन्या शाबूत. डॉक्टरांनी कानांना न लागणारं औषध निवडलं. तरी आईचा विश्वास कुठं! रोज सकाळी मी तिच्या पाठीमागं उभं राहून हळू बोलायचं आणि तिनं ओळखायचं. एकदा मी पुटपुटले, म्हातारी भलतीच हट्टी आहे. "आलं ऐकू," म्हणाली. दोन खाटांपलीकडचं सासू-सुनेचं भांडणसुद्धा तिला शब्दन् शब्द ऐकू आलं. बाहेर ओट्यावर आता तेच सांगणं चाललंय.

उद्यापासून मी पुन्हा ड्युटीवर. आईचा तो प्रश्न माझ्याबरोबर वॉर्डात येणार. दादा, तुम्हाला शब्द देते. ज्याच्या अंगात औषध जाणार, त्याला आधी विचारीन. ते काय वाचवतं, काय बिघडवू शकतं, सगळं त्याच्या बोलीत सांगीन. शुद्धीत नसेल, तर शुद्धीवर आल्याबरोबर मीच सांगीन, दुसऱ्या कुणावर ढकलणार नाही. उशीर केला म्हणून मोठ्या सिस्टर रागावल्या तर रागावू देत. आणि तो नाही म्हणाला, तरी मी उठून जाणार नाही. त्याच्याशी बोलत बसेन.

तुमची,
कमळ