सहाव्या प्रश्नाचं उत्तर

ब्राउनस्टन,
१४ जानेवारी २०११

चि. ब्रायनीस आजीचे पुष्कळ आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र शेजारच्या डेलरॉयने वाचून दाखवलं, आणि हे पत्र मी सांगतेय तसं तोच लिहून घेतोय. तीस वर्षं बस चालवलेला माणूस आहे, अक्षर वळणावर जरा कलतं, तेवढं सांभाळून घे. फोन करत जाऊ का, असं तू पुन्हा विचारलंस. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेल्या निम्म्याचा राग येतो. पत्र बरं. दोनदा वाचून घेता येतं, मधे चहा होतो.

एकतिसावा नकार आला म्हणतेस. बाई गं, एवढे नकार तर मी तुझ्या आजोबांनाही दिले नव्हते. कायद्याची पदवी झाली, वरचं वर्षही झालं, आणि आता दोन वर्षं कुठल्यातरी वकिली पेढीत उमेदवारी केल्याशिवाय तुला सॉलिसिटर म्हणणार नाहीत, इथवर मला समजलं. समजत नाही ते एवढंच, की फुकट राबायला तयार असलेल्या पोरीला नाही म्हणायला इतकी माणसं लागतात कशाला? फुकट नसतं, पगार देतात, असं डेलरॉय सांगतोय. मग तर त्यांचं बरोबर आहे.

तुझा बाप दर रविवारी जेवायला येतो आणि तुझीच टेप लावतो. ती वकील झाली की त्या होडीच्या कंपनीवाल्यांना दाखवून देईल, असं रॉय परवा बटाटे वाढून घेताना म्हणाला. ती कंपनी बंद होऊन चाळीस वर्षं झाली, असं मी म्हटलं. तर म्हणे, मग तिच्या वारसांना दाखवेल.

दिवसभर लोकांच्या अपघाताच्या तक्रारी फोनवर ऐकतेस, संध्याकाळी अर्ज भरतेस, मग झोपतेस कधी? आणि त्या अर्जात असं विचारतात तरी काय, ते नीट लिही. पाठवलेल्या डब्यातला केक संपव. कळावे, माया आहे तशीच असू दे.

तुझी आजी,
थर्झा

*

कॉव्हेंट्री,
२३ जानेवारी

ती. आजीस नमस्कार आणि गालाला पापा. वि. वि.

आजी, बातमी आधी सांगते, नाहीतर तू डेलरॉयकाकांना मधली पानं गाळायला लावशील. मला मुलाखतीचं बोलावणं आलं! लंडनची मोठी पेढी, अठरा फेब्रुवारी, सकाळी दहा. सहा जागा आहेत आणि बाराशे अर्ज होते. बाबांनी त्याच दिवशी मला काळे बूट घेऊन दिले. ते चावतात, पण हे त्यांना सांगू नकोस.

अर्जात काय विचारतात? आमचीच पेढी का हवी, समोरची का नको. दहा माणसांत मिळून काम केल्याचा एक प्रसंग सांगा. धंद्यातलं काय कळतं? प्रत्येक उत्तर अडीचशे शब्दांत. सगळ्यांची उत्तरं सारखीच होतात गं. माझी आतापर्यंत तशीच होत होती. मग या वेळी सहाव्या प्रश्नाला, म्हणजे कायद्याकडे का वळलात याला, मी खरं काय ते लिहिलं. तुझ्याबद्दल. उत्तराचा शेवट असा आहे:

‘माझी आजी कोळशाच्या होडीवर जन्मली आणि वाढली. तिला अक्षरओळख नव्हती. १९६३ च्या हिवाळ्यात कंपनीच्या कारकुनाने बर्फात अडकलेल्यांच्या मदतीचा कागद म्हणून सहीऐवजी तिची फुली घेतली. प्रत्यक्षात तो होडी सोडून दिल्याचा कागद होता. आजोबा तेव्हा इस्पितळात होते. एका फुलीने त्यांचं घर आणि धंदा गेला. तो कागद कोणीतरी तिला वाचून दाखवायला हवा होता. ते माणूस मला व्हायचं आहे.’

बाबांनी हे वाचलं आणि नळ दुरुस्त करायच्या निमित्ताने बाहेर गेले. नळ चांगला होता. तुला आवडलं का? तुला न विचारता लिहिलं, रागावली नाहीस ना? झोप येतच नाही, म्हणून पहाटे उठून आरशासमोर उत्तरं म्हणते. खालचा भाडेकरू झाडूने छत ठोकतो.

लोभ आहे, तो या पोरीवरून काढून दुसऱ्या कुणाला देऊ नये.

तुझी,
ब्रायनी

*

ब्राउनस्टन,
२७ जानेवारी

चि. ब्रायनीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं उत्तर डेलरॉयने दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा त्याला मधेच थांबून नाक शिंकरावं लागलं. छान लिहिलंयस. इतकं छान, की त्यातल्या बाईची मलाही कीव आली. आता ऐक, आणि आधी बैस.

मला कोणी फसवलं नाही.

डेलरॉयने पेन खाली ठेवलंय. उचल म्हटलं, अजून पुढे आहे.

तो कागद कारकून माझ्याकडे देऊन गेला होता, सोमवारी न्यायला येतो म्हणून. मी तो कालव्याच्या दारांवरच्या राखणदाराला वाचायला लावला. मग बेकरीवालीला. दोघांचं एकमेकांशी वाकडं होतं, म्हणजे आधी बोलून ठेवलं असणं शक्य नव्हतं. दोघांनी एकच वाचलं. होडी परत द्यायची, बदल्यात काठावर घर, आणि एबलला, म्हणजे तुझ्या आजोबांना, गोदीत काम. सोमवारी मी कारकुनाला म्हटलं, घरात आत नळ हवा, तेही लिही. त्याने लिहिलं. मग मी फुली मारली.

एबल हाताचं प्लास्टर घेऊन परत आला तेव्हा मी त्याला सांगितलं, की मदतीचा कागद म्हणाले म्हणून फुली मारली. वाचता न येणाऱ्या बाईवर कोण संशय घेतो? तो कचेरीत जाऊन टेबलं बडवून आला. पुढची तीस वर्षं पबमध्ये हीच गोष्ट सांगत राहिला, आणि मी भांडी घासत ऐकत राहिले.

हे मी कधीच सांगणार नव्हते. पण ज्यांचं पोटच उलटसुलट विचारण्यावर चालतं, त्यांच्यापुढे तू ही गोष्ट घेऊन बसणार. कुठेतरी टाका उसवला तर माझ्यापायी तुझं नुकसान व्हायचं. रॉयला मात्र कळू देऊ नकोस. का केलं ते विचारू नकोस. कळावे, राग आला तरी माया ठेव.

तुझी आजी,
थर्झा

*

कॉव्हेंट्री,
३ फेब्रुवारी

ती. आजीस नमस्कार. वि. वि.

पापा या वेळी नाही. आला राग. चार पत्रं लिहून फाडली.

आजी, अर्जाच्या शेवटी एक ओळ असते. वरील सर्व मजकूर खरा आहे, आणि खाली सही. मी केली तेव्हा मला तो खराच वाटत होता. आता वाटत नाही. आता गप्प बसून मुलाखतीला गेले तर मी जाणूनबुजून खोटं बोलते. या धंद्यात अर्जातलं खोटं दहा वर्षांनीही सापडलं तर नावावर काट मारतात, पुन्हा कुठली पेढी दारात उभं करत नाही. आणि जाऊन खरं सांगितलं, तर ज्या उत्तराने बोलावणं आलं तेच उत्तर हातातून गेलं. बत्तिसावा नकार.

बरं, खरं सांगायचं म्हटलं तर ते माझं कुठे आहे? तुझं आहे. वर तू म्हणतेस बाबांना कळू देऊ नकोस. ते रोज फोन करतात. त्या उत्तराबद्दल काय विचारतील, तू काय सांगशील, म्हणून दाखव. काल मी म्हणून दाखवलं. माझाच आवाज मला परका वाटला. ते म्हणाले, वा, आज दादा, तुझे आजोबा, असते तर.

ऑफिसात आज एका बाईची तक्रार ऐकताना मी तिला तिचं नाव तीनदा विचारलं. जेवण जात नाही. चालत कालव्यापर्यंत जाते आणि परत येते. पंधरा दिवस राहिलेत. तू परवानगी दिल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही, आणि तोंड न उघडता मी तिथे जाणारही नाही. येत नाही म्हणून कळवून टाकते. तू सांग.

ब्रायनी

*

ब्राउनस्टन,
८ फेब्रुवारी

चि. ब्रायनीस आशीर्वाद. वि. वि.

न जायला काय झालं? एवढे चावरे बूट घेतलेत ते कशाला?

रविवारी रॉयला सांगितलं. जेवणाआधीच सांगितलं, कारण पोट भरलं की माझा धीर सुटतो. त्याने सगळं ऐकून घेतलं, सुरी-काटा ताटाशेजारी नीट ठेवला आणि एकच विचारलं, मरण्याआधी दादांना कळलं होतं का. नाही म्हटलं. त्याने कोट घातला आणि गेला. मटण डेलरॉयने खाल्लं. कोणीतरी खायला हवंच होतं.

का केलं ते त्याने विचारलं नाही. तू विचारणार आहेसच, म्हणून सांगते. तू त्याला सांगितलंस तरी चालेल, माझं तो ऐकणार नाही.

त्या हिवाळ्यात कालवा गोठला आणि आमची होडी दहा आठवडे जागची हलली नाही. रॉय पाच वर्षांचा. काठावरच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, बर्फ आहे तोवर बसू दे त्याला वर्गात. होडीवरच्या पोरांची शाळा म्हणजे एक दिवस इथे, दोन दिवस पन्नास मैलांवर, आणि जाऊ तिथे मागचा बाक. हा दहा आठवडे एकाच बाकावर बसला. एक दिवस घरी आला आणि चहाच्या डब्यावरचं एक एक अक्षर लावून वाचायला लागला. त्या डब्यातून मी सात वर्षं चहा काढत होते. त्याच्यावर एवढं काही लिहिलंय हे मला ठाऊकच नव्हतं. आणि बाहेर बर्फ सुटायला लागलं होतं. टपटप आवाज येत होता. सगळे होडीवाले टोप्या उडवत होते. मी आत बसून रडत होते.

त्याच आठवड्यात कारकून आला. एबलला विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता. त्याचा जीव त्या होडीत होता. म्हणून विचारलं नाही. हे बरोबर केलं असं मी म्हणत नाही. केलं एवढंच म्हणते.

आता जा आणि जे आहे ते सांग. लोभ कमी झाला असेल तर मुलाखत संपेपर्यंत तरी उसना ठेव.

तुझी आजी

*

कॉव्हेंट्री,
२० फेब्रुवारी

ती. आजीस नमस्कार, आणि दोन्ही गालांना पापा, मागचा राहिलेला धरून. वि. वि.

जाऊन आले. काचेची इमारत, तेराव्या मजल्यावरची खोली, समोर दोघं. एक पांढऱ्या केसांच्या बाई, पेढीतल्या भागीदार, आणि एक तरुण गृहस्थ, ज्यांचे मोजे बटाट्याच्या सालीच्या रंगाचे होते. त्यांनी काही विचारायच्या आतच मी सांगून टाकलं, की माझ्या अर्जातल्या सहाव्या उत्तरात चूक आहे, लिहिलं तेव्हा मला ठाऊक नव्हतं, आता ठाऊक आहे, आणि खरं असं असं आहे. एका दमात. पाणी सांडलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ते मोजेवाले म्हणाले, की आम्ही अर्ज वाचलेलाच नाही. अर्ज निवडणारी माणसं वेगळी. आम्हाला मुद्दाम फक्त तुमचं नाव देतात, म्हणजे मन आधीच कलायला नको.

आजी, मला हसू की रडू कळेना. बाई मात्र त्या गोष्टीवरच अडल्या. तुमच्या आजीने नळाचं कलम घातलंच, तर आजोबांचं काम कायम राहील असं का नाही घालून घेतलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि वकील परवडत नव्हता. त्या हसल्या की खोकल्या, ठरवता आलं नाही. मग बारा पानी करार आणि चाळीस मिनिटं दिली. तिसऱ्या पानावरची तारीख आणि शेवटच्या पानावरची तारीख जुळत नव्हती, तेवढं मला सापडलं. बाकी काय लिहिलं देव जाणे. शुक्रवारपर्यंत फोन करतो म्हणाले. मी फोन घेऊन अंघोळीला जाते.

बाबांना चहाच्या डब्याचं सांगितलं. पलीकडे त्यांनी नळ सोडला आणि बंद केला. मग म्हणाले, बूट चावले का. मी हो म्हटलं.

लोभ उसना नाही, घरचाच आहे.

तुझी,
ब्रायनी

*

ब्राउनस्टन,
७ मार्च

चि. ब्रायनीस आजीचे उदंड आशीर्वाद. वि. वि.

बाराशेंतून सहांत आलीस! तुझा फोन आला तेव्हा मला निम्मंच ऐकू आलं, पण या खेपेला उरलेल्या निम्म्याचा राग आला नाही. डेलरॉयने अंगणात येऊन बसचा हॉर्न तोंडाने वाजवला. जागा मिळाली ती त्या तारखेच्या चुकीमुळे, असं ते म्हणाले ना? आजीच्या गोष्टीचा शब्दही काढला नाही ना? म्हणजे त्या दोघांनी न वाचलेल्या कागदापायी मी माझ्या पोराचं काळीज फोडलं. चांगला धंदा निवडलायस, बाई.

रॉय चार रविवार फिरकला नव्हता. काल त्याने डेलरॉयला फोन केला आणि विचारलं, पोरीसाठी रविवारी जेवण करायचं तर म्हातारीला जमेल का. म्हातारी भिंतीपलीकडेच बसलीय, तिलाच विचार की, असं डेलरॉय म्हणाला. तर म्हणे, नाही, तू विचार. मी जमेल म्हणून कळवलं. मटण आणते, बटाटे, पुदिन्याची चटणी.

तो येतोय तो तुझ्यासाठी, हे मला कळतं. एबलची तीस वर्षं मी घेतली, त्याबद्दल मी रॉयपुढे मान खाली घालीन. पण तोच कागद उद्या पुन्हा आला तर मी पुन्हा फुली मारीन, आणि हे मला त्याच्या तोंडावर सांगता येणार नाही, आणि न सांगता जेवणही जाणार नाही. त्यालाही काही म्हणायचं असेल. माझ्याकडे बघून त्याला ते म्हणता येणार नाही. तो त्याच्या आईवर गेलाय.

तुझी लंडनची उमेदवारी सुरू व्हायची तेव्हा होईल. तू रविवारी बरोबर एक वाजता ये, आणि आम्हा दोघांच्या मधे बैस.

कळावे. लोभ ठेव, आणि थोडा त्याच्यासाठीही आण.

तुझी आजी,
थर्झा