टोपीसकट

प्रिय कानस,

तुझं खोकं मंगळवारी मिळालं. मिळालं म्हणजे पोचवणाऱ्याने ते बायकोच्या हातात दिलं, तिने माझ्या कामाच्या टेबलावर ठेवलं आणि मी ते उचलून कपाटावर टाकलं. तीन दिवस तिथेच होतं. वर तुझंच अक्षर, डावखुरं, मागे रेललेलं. आठ महिने ज्या माणसाने तोंड उघडलं नाही त्याच्याकडून अचानक खोकं आलं की माझ्यासारख्याच्या मनात पाल चुकचुकणारच. मी ते कानाशी धरून हलवून पाहिलं. तू बांधलेल्या खोक्यात काही वाजत नाही हे ठाऊक असूनही हलवलं. बायको म्हणाली, भावजींना तुमचा जीव घ्यायचा असता तर त्यांनी एवढं नीट पॅक केलं नसतं. मी म्हटलं, तो जीव घेतानाही नीटच पॅक करेल.

माझा स्वभाव तुला नवा नाही. पंपांच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी तपासनीस होतो. समोर आलेला नग खोटा आहे असं धरून चालायचं आणि खरा असल्याचं त्यानेच सिद्ध करायचं, यावर माझं घर चाललं. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. बायकोने निवडलेली भाजी मी पुन्हा चाळतो, मग ती भाजी आणि चाळण दोन्ही माझ्यासमोर ठेवून निघून जाते. आपल्या गाड्यांच्या मंडळात मला व्हर्नियर म्हणतात ते काही उगीच नाही. आणि तुला कानस म्हणतात तेही. दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या घासून घासून तुझ्या हाताला अशी सवय लागली होती की आपल्या छोट्या गाडीचं एक मडगार्डही तू चार-चार दिवस घासत बसायचास. मी विचारायचो, किती मिलिमीटर झालं? तू म्हणायचास, बोटाला अजून बरं लागत नाहीये. हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं.

तुला सगळं माहीत असूनही मी पहिल्यापासून लिहितोय, कारण मला ते एकदा नीट ओळीने मांडून बघायचंय. आपण अकरा जण, सगळे साठीच्या आगेमागे, कार्टून सिनेमातल्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती हाताने बनवतो. विकतचा एकही भाग वापरायचा नाही. लोक आधी हसतात आणि मग विचारतात, मापं कुठून आणता? प्रश्न रास्त आहे. चित्रातली गाडी कधी रस्त्यावर धावलेली नसते, तिची लांबी-रुंदी कुणी लिहून ठेवलेली नसते. म्हणून आपला नियम आहे की चालकाची उंची एकशेसाठ सेंटीमीटर धरायची, मग तो उंदीर असो नाहीतर हत्ती. सिनेमा थांबवून पडद्यावर चालक केवढा आणि गाडी केवढी ते मोजायचं, त्यावरून गाडीचं खरं माप काढायचं आणि त्याच्या चोविसाव्या हिश्श्याची प्रतिकृती करायची. नियमात पुढे कंसात लिहिलंय, टोपी, शिंगं आणि कान वगळून. तो कंस माझा. त्या कंसासाठी मी दोन सभा भांडलो होतो.

गेल्या वर्षी आपण साळिंदराची टपालगाडी घेतली. तुझी लेक आणि माझा लेक लहान असताना चौघांनी मिळून पाहिलेला तो सिनेमा. पोरं मध्यंतरातच झोपली आणि आपण दोघे शेवटपर्यंत डोळे पुसत बसलो. उंच टोपीत काटे लपवणारा तो साळिंदर, पोट सुटलेली त्याची टपालगाडी, आणि शेवटी ती चिखलात रुतल्यावर जिला सगळे हसतात ती म्हातारी ओढगाडी येऊन तिला आकडा लावून बाहेर काढते. मी म्हटलं, टपालगाडी माझी. तू म्हणालास, मग ओढगाडी माझी. ठरलं असं की आपापल्या घरी करायची आणि थेट प्रदर्शनातच एकमेकांना दाखवायची. माझ्या गाडीचे दिवे म्हणजे रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटातले फुगे आणि आरशांच्या जागी दाढीच्या ब्लेडचे तुकडे. सोळा सेंटीमीटर लांब झाली. मला ती फार आवडली होती.

प्रदर्शनाला दोन महिने असताना मी डोळे तपासायला गेलो होतो तेव्हा तू घरी येऊन गेलास. हे मला तू नाही सांगितलंस, बायकोने सांगितलं, तेही चार दिवसांनी, कणीक मळता मळता. म्हणे भावजी आले, वहिनी, चहा नको, म्हणाले, तुमच्या खोलीत दार लावून तासभर बसले आणि गेले. दार लावून. ठरलेलं मोडून. मी खोलीत जाऊन एकेक वस्तू पाहिली. ड्रॉवरमधला माझा आराखडा उलटा घडी घातलेला निघाला. मी घडी नेहमी आत घालतो. त्या दिवसापासून मी ड्रॉवरला कुलूप लावलं आणि तुझ्याशी फोनवर अगदी गोड बोलू लागलो. तुला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मग प्रदर्शन. परीक्षक बाई स्वतः कार्टूनची चित्रं काढून पोट भरलेल्या. त्यांनी तुझी गाडी पाहिली, माझी पाहिली, कागदावर काहीतरी आकडेमोड केली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, टपालगाडी वीस सेंटीमीटरची हवी होती, ही सोळाची आहे, आणि ओढगाडीही नेमकी तेवढ्याच पटीने लहान. दोघांची चूक एकच कशी? कानस, चूक काय होती ते मला त्याच क्षणी कळलं. मी साळिंदर टोपीसकट मोजला होता. ज्याने कंस लिहिला त्यानेच. आणि माझ्या तोंडून तपासनिसाचं वाक्य निघालं. दोन नगांत एकच खोट दिसली की साचा एकच असतो. आणि पुढे सांगितलं की हा माणूस माझ्या माघारी माझ्या घरी आला होता, याने माझा आराखडा चोरला.

त्यानंतर चूक कुणाची हे कुणी विचारलंच नाही. सगळे चोरीबद्दल बोलू लागले. तू माझ्याकडे पाहिलंस, तुझी गाडी रुमालात गुंडाळलीस आणि गेलास. मी मनात म्हटलं, कर नाही त्याला डर कशाला? खरा असता तर बोलला असता. हेच मी आठ महिने स्वतःला सांगत आलोय. मंडळाने माझी बाजू घेतली. मंडळातल्या औषधाच्या दुकानवाल्याने मला सांगितलं की तू हत्यारं गुंडाळून ठेवलीस, तर मी त्याच्यावरही संशय घेतला, म्हटलं हा तुझा हेर असणार. तुझी खुर्ची रिकामी असते. तिच्यावर आता लोक पिशव्या ठेवतात.

काल, शुक्रवारी दुपारी, बायकोने खोकं कपाटावरून काढून माझ्या पुढ्यात आदळलं आणि कात्री दिली. वर म्हणाली की भावजी येऊन गेले त्याच दिवसांत हीच कात्री शोधताना तिने ड्रॉवर उपसला होता आणि तो मोठा कागद परत घडी घालून ठेवला होता, तेव्हा त्यावरून काही डोकं चालवायचं असेल तर चालवू नका. मी म्हटलं, हे आठ महिन्यांपूर्वी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तुम्ही मला विचारलंत कधी? तुम्ही फक्त कुलूप लावलंत.

आत तुझी ओढगाडी होती, कापसात बसवलेली. चिठ्ठी नाही. खरं सांगतो, मी आधी कॅलिपर काढला. अजूनही पुरावाच शोधत होतो. चाकं माझ्या चाकांएवढी, बरोबर. पण छताचा उतार, दारांची जागा, खिडक्या, यातलं काहीच माझ्या आराखड्यात नव्हतं. असणार कुठून, माझा आराखडा टपालगाडीचा. एवढी साधी गोष्ट मला आठ महिन्यांत सुचली नाही. मग मागचा आकडा पाहिला, कवळीच्या तारेचा, आणि का कोण जाणे, माझी टपालगाडी खाली काढली. तिच्या पुढच्या कडीच्या आतल्या अंगाला मोहरीएवढा गुलाबी ठिपका चिकटला होता. मी भिंगाखाली धरला. तो रंग मी ओळखतो, माझी स्वतःची कवळी करताना तू तोच मसाला माझ्या तोंडात कोंबला होतास. म्हणजे त्या तासाभरात दार लावून तू माझ्या गाडीच्या कडीचा आणि चाकाचा छाप घेत होतास, एखाद्या पेशंटच्या जबड्याचा घ्यावा तसा.

मग मी तुझी गाडी उलटी केली. प्रदर्शनात केलीच नव्हती. एकतीस वर्षांचा तपासनीस, आणि नग उलटा न करताच नापास केला. खाली पेन्सिलने एक शब्द आणि तारीख. शब्द, टोपीसकट. तारीख प्रदर्शनाच्या दीड महिना आधीची. पेन्सिलवरून वार्निशचा हात फिरलाय, म्हणजे नंतर लिहिलेलं नाही. हेही तपासलं, माफ कर.

तुझी बरोबर मापाची गाडी तयार असणार. ती घेऊन तू माझ्या गाडीशी जुळवून पाहायला आलास, चूक पाहिलीस, आणि मला सांगायच्या ऐवजी घरी जाऊन सगळी गाडी पुन्हा लहान केलीस. शेजारी ठेवल्यावर दोन्ही एकमेकींना शोभाव्यात म्हणून. तू नेहमी म्हणायचास की कवळी नुसती बरोबर असून भागत नाही, ज्याची त्याला बसली पाहिजे. मी हसायचो. त्या दिवशी तू बोलला असतास तर तुला हेही सांगावं लागलं असतं की चूक माझी आणि ती तू झाकत होतास. म्हणून तू गप्प बसलास, आणि मी तुला चोर म्हटलं. मला लाज वाटते. याहून मोठा शब्द मला सापडत नाहीये.

मंडळाला मी आज सकाळी सगळं लिहून दिलंय, आराखड्यासकट, आणि फळ्यावर लावायला सांगितलंय. पण हे पत्र त्यासाठी नाही. काल तुझा आकडा माझ्या कडीत बसतो का ते मी पाहिलं. टक् करून बसला. आता निघत नाहीये. मी ओढून पाहिलं, तेल सोडून पाहिलं, बायकोने केसांची पिन घालून पाहिली. जोर लावला तर तुझी तार तरी वाकेल नाहीतर माझी कडी तरी तुटेल. तेव्हा तुझी गाडी मला परत पाठवता येत नाही. तुझे ते वाकडे चिमटे घेऊन तुलाच यावं लागेल. पुढच्या रविवारी ये. दार लावून बस हवा तेवढा वेळ. मला दाट संशय आहे की हा आकडा तू मुद्दामच असा केलास, एकदा बसला की तुझ्याशिवाय कुणाला सुटू नये म्हणून, आणि आजवर घेतलेल्या सगळ्या संशयांपैकी हा एकच खरा निघावा असं मला मनापासून वाटतंय.

तुझाच,
व्हर्नियर