पाच लिटरचा खुराक

५ जानेवारी, सकाळी ६
आप्पांना काल दवाखान्यातनं हिंडलग्याला घरी आणलं. निपाणीच्या वखारीत चाळीस वर्षं तंबाखूची धूळ खाल्ली, फुफ्फुसं गेली. आता घरातच ऑक्सिजनचं मशीन, नाकात नळी, दिवसाचे सोळा तास. सेवा मीच करणार. तालमीत पंचवीस पैलवान घडवले, एक म्हातारा बाप सांभाळायला काय लागतंय. संकल्प : शांत राहायचं. कुणावर हात उचलायचा न्हाय.

त्याच दिवशी, ९ वाजता
मशीन बसवायला आलेल्याला एक ठेवून दिली. खोलीत बूट घालून शिरला. ह्याला हात उचलणं म्हणत न्हाईत, वळण लावणं म्हणतात.

६ जानेवारी
नर्स आली. पारमिता सिस्टर, कॅम्पात राहते. उंची जेमतेम पाच फूट. मशीनच्या काचेत एक गोळी वरखाली होते, ती दोन लिटरच्या वर न्यायची न्हाय म्हणाली. बोटाच्या मशीनवर ८८ ते ९२ आलं की बास. मी विचारलं, शंभर का नको. तर म्हणाली, ह्या आजारात जादा ऑक्सिजन अंगावर येतो, झोप लागते, माणूस उठत न्हाय. पोरगी शिकलेली आहे, पण तालीम बघितलेली न्हाय.

८ जानेवारी
कल्लाप्पाकाका आप्पांना बघायला आले आणि उशाशीच बिडी पेटवायला लागले. ऑक्सिजनजवळ आग चालत न्हाय, हे सिस्टरनंच सांगितलंय. लाथ घातली. बिडी एकीकडं, काका एकीकडं. पुढचा दात पडला, तो तसाही हलत होता. बायको, माधवी, म्हणाली की तोंडानं सांगता आलं असतं. तिला इमर्जन्सी कळत न्हाय.

१० जानेवारी
तीन दिवस झाले, आप्पा ८९ वरच. मला लाज वाटायला लागली. पैलवानाला खुराक कमी पडला की अंग धरत न्हाय, हे शेंबडं पोरगंबी सांगेल. गोळी पाचावर नेली. अर्ध्या तासात ९८. खरंच रडू आलं मला. गल्लीत पेढे वाटले.

११ जानेवारी
आप्पा सकाळी डोकं दुखतंय म्हणाले, मग दिवसभर झोपले. एवढी गाढ झोप दहा वर्षांत न्हाय. सिस्टरची सुट्टी, बरंच झालं. माधवी गोळी खाली करायला गेली. मी तिला मारलं न्हाय, स्टूल आरशावर मारलं. संयम म्हणतात तो हाच.

१२ जानेवारी
सकाळी आप्पांनी मला यल्लव्वा म्हणून हाक मारली. आई जाऊन आठ वर्षं झाली. लई प्रेमळ झालेत.

दुपारी सिस्टर आली. हाका मारल्या, चिमटे काढले, आप्पा उठेनात. गोळी बघितली आणि तिचा चेहराच उतरला. ती दोनावर आणून म्हणाली, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात. मी दारात आडवा झालो. ९८ असलेला माणूस दवाखान्यात कशाला. तिनं माझ्या नडगीवर बुटाची लाथ घातली. सरळ फाउल. मी खाली पडलो आणि माधवी मला ओलांडून ॲम्ब्युलन्सला फोन करायला गेली.

१३ जानेवारी
आप्पांच्या तोंडावर घट्ट मास्क, मशीन आत हवा ढकलतंय. डॉक्टर म्हणाले, जादा ऑक्सिजननं रक्तात घाण वायू साठला, आज रात्र काढली तर काढली. मी त्यांची कॉलर धरली. दोन वॉचमननी मला जिन्यावरनं खाली आणलं, बरंचसं डोक्यावर. भुवईला चार टाके. पायरीवर बसून लई भ्या वाटलं. आप्पा गेले तर मी काय करू.

१७ जानेवारी
आप्पा वाचले. मास्क निघाला, डिस्चार्ज मिळाला. माझा नवा प्लॅन तयार : गोळी दोनावर, सिस्टर म्हणेल ते, तालीम महिनाभर बंद.

दवाखान्याच्या दारात सांबऱ्याची आक्का, माझी थोरली बहीण, गाडी घेऊन उभी. आप्पांचे कपडे तिनं आधीच भरलेले. सिस्टर रोज तिकडं जाणार, हेही ठरलेलं. मला कुणी विचारलंच न्हाय. तरी मशीन मीच उचलून गाडीत ठेवलं, नळी नीट गुंडाळली, आणि म्हणालो की मीबी येतो मुक्कामाला.

आप्पांनी हात वर केला. दोन शब्दांनी दम लागत होता त्यांना. म्हणाले, मष्णू, तू येऊ नको. थांबले, श्वास घेतला. मग म्हणाले, मला जगायचंय रं.

मी बरं म्हणालो.