कागदात नाही ते

२२ सप्टें., सोम.
शेठनं त्यांच्या जिनिंगवर बोलावलं. यंदा कापूस ओला येणार, सरकी काढायच्या मशिनीतले चामड्याचे रोलर लवकर घासणार. म्हणून माझ्या वर्कशॉपनं दोन्ही पाळ्यांत फक्त त्यांच्याच रोलरला खाचा पाडायच्या, दुसऱ्या कोणाचं किरकोळ कामही घ्यायचं नाही. करारात भाव आहे, मुदत आहे. हे कुठंच नाही. तसं तोंडावर म्हटलं.
"ताई, कागदात नाही ते मी ठरवीन."
मग गोड झाले. "शेड, मशीन आमच्या नावानं करून टाका. तुम्ही मॅनेजर. टेन्शनच नाही."
लोहाऱ्याला वर्कशॉपपर्यंत मी स्कूटीवर शिव्या घालत आले.

२७ सप्टें., शनि.
नवरा पुसदहून आला. शाळेतला माणूस, पगारावर विश्वास. "देऊन टाक ना वं. कायले डोकं लावून राह्यली?"
चिडले. पण त्याचं एक खरं. खाचा पाडायचं मशीन मीच हौसेनं शेठच्या रोलरच्या मापाचं करून घेतलं. बाकी जिनिंगचे आखूड, बसतच नाहीत. शेठला हे पक्कं ठाऊक. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. हरी धरो, मी नाही धरणार.

१ ऑक्टो., नवमी
मशीनची पूजा. हार घातला, तेवढ्यात शेठ हजर, स्वतःचा नारळ घेऊन! मशीनपुढचा नारळ मालकच फोडतो, हे इथं शेंबडं पोरही जाणतं. त्यांनी चपला काढल्या, हात उचलला. कामगार माझ्याकडे बघायला लागले. मी मध्ये उभी राहिले.
"शेठजी, इथला नारळ मी फोडते. कागदात नाही ते, ज्याचं मशीन तो ठरवते."
एका फटक्यात फुटला. पहिला प्रसाद त्यांनाच, पाहुणे ना. खाल्ला, चपला घातल्या, निघाले. भीती वाटली, आणि फार बरंही वाटलं.

४ ऑक्टो.
मिस्त्री लावून मशीन खोललं. टोकाचा आधार सरकता केला की लांब-आखूड दोन्ही बसतील. शेठचा फोन.
"कोणाले विचारून खोललं?"
"मलेच."
नवरा ऐकत होता. हसला चक्क.

९ ऑक्टो., गुरु.
शेजारच्या छोट्या जिनिंगचा रोलर लावला. बसला! अर्ध्या खाचा झाल्या तोच शेठची पिकअप दारात, रोलर भरून. ड्रायव्हर म्हणे, "शेठनं सांगतलं, हा काढा, आमचे आधी लावा. नाही तं गाडी पुन्हा येत नाही."
शेठचं काम गेलं तर नुसत्या आखूड रोलरवर हंगाम निघेल? माहीत नाही.
"उतरवून ठेव. नंबर आला का होईन."
त्यानं उतरवले नाहीत अजून. गाडीत बसून शेठला फोन लावतोय. मी मशीन बंद केलेलं नाही.