अर्ध्या चेहऱ्याची बाई

३ मार्च, मंगळवार

सकाळी चूळ भरली तर पाणी डाव्या कोपऱ्यातून थेट छातीवर. आरशात पाहिलं – भुवई, गाल, ओठ, डावीकडचं सगळं उतरलेलं. डोळा मिटेना. घाबरायला हवं होतं. नाही घाबरले.

दवाखाना. पक्षाघात नाही, चेहऱ्याची नस सुजलीय. गोळ्या, डोळ्यात थेंब, झोपताना पापणीला पट्टी. ‘बहुतेक जण दोन-तीन महिन्यांत बरे होतात.’ बहुतेक!

घरी आले तर बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले. ‘कोण पाहिजे आपल्याला?’

ते वार विसरतात, जेवलेलं विसरतात. मला आजवर विसरले नव्हते. मी हाक मारली – पण ‘बाबा’ म्हणायला दोन्ही ओठ लागतात. ‘वावा’ असं काहीतरी निघालं. ‘मुलगी कामावर गेलीय,’ ते म्हणाले. ‘बसा तुम्ही.’

५ मार्च, गुरुवार

कामावर गेले, दातांच्या लॅबमध्ये. मेणात दात बसवले. दिवसभर कवळ्याच करते मी – लोकांचं हसू सरळ करायचं, आणि आपलं हे असं! शेजारच्या टेबलावर एक बडबडी बसते; तिने माझं तोंड पाहिलं आणि सुरूच झाली. तिची मामेबहीण म्हणे चिनी सुयांनी बरी झाली. ‘चल गं, टोचून तर घे!’ मी म्हटलं, घरी टोचणारे आहेत की.

पण ते खरं नाही आता. बाबा अहो-जाहो करतात. काल चहा दिला तर ‘आभारी आहे बाई’ म्हणाले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा!

९ मार्च, सोमवार

सुईवाल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. साध्या आहेत. खोलीत एक पलंग, एक दिवा. आधी नुसते प्रश्न. झोप लागते? तहान? पोट? पाय गार पडतात? स्वप्नं? शेवटचं रडलात कधी? आठवलं नाही. जीभ पाहिली. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून कितीतरी वेळ नाडी पाहिली.

सुया केसासारख्या, पाकीट समोर फोडलं. अंगठ्याजवळची सुई बसली तसा हात आतून जड झाला. दुखलं असं नाही – कुणी वजन ठेवल्यासारखं. गुडघ्याखालीही तसंच. डाव्या गालात चार. तिथे काहीच नाही.

‘बरी होईन?’

‘बहुतेक. मग मी म्हणेन सुयांनी, दवाखान्यातले म्हणतील गोळ्यांनी. कदाचित आपलं आपणच. गोळ्या सोडायच्या नाहीत.’

हसू आलं. अर्धंच.

१२ मार्च, गुरुवार

डॉक्टरीणबाईंनी सालीमुळ्यांचा काढा दिलाय. दवाखान्यात विचारून घेतला. अर्ध्याच जिभेला कडू लागतो.

१७ मार्च, मंगळवार

बाबांची नखं कापत होते. एकदम म्हणाले, ‘तुमचा हात हलका आहे. माझ्या मुलीचाही तसाच. फार गुणी आहे ती.’

‘तिला सांगता का कधी?’

‘छे! डोक्यावर बसायची.’

नखं कापून झाली. कागदात गुंडाळून टाकली.

२० मार्च, शुक्रवार

आज स्वतःहून बोलले. खिडकीकडे बघत, सलग. ‘तिला लांब नोकरी लागली होती, बाई. मोठी. मी तिच्या आईच्या आजारपणाचं निमित्त केलं. आई तिची बरी होत आली होती तेव्हा. मलाच भीती वाटली एकटं पडायची. तिचं सगळं आयुष्य इथे गेलं माझ्यापायी.’

मी विचारलं, ‘तिला माहीत आहे?’

‘नाही. तिला वाटतं तीच राहिली. आईसाठी.’

मलाही आत्तापर्यंत तसंच वाटत होतं.

काही वाटलं नाही. राग नाही, काही नाही. उठून त्यांची औषधं दिली.

२३ मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली. ‘काही झालं का?’ नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. सुया लावून दिवा मंद केला. पडून राहिले. टोचलेल्या माणसाला कूस बदलता येत नाही, एवढं बरं असतं.

२७ मार्च, शुक्रवार

ओठाचा कोपरा हलला! डॉक्टरीणबाई खूश. बडबडीने सगळ्या लॅबला सांगितलं. मी घरी येऊन आरशासमोर उभी राहिले आणि मनात आलं – चेहरा परत आला की बाबा बोलायचे थांबतील.

३० मार्च, सोमवार

सुयांना गेले नाही.

२ एप्रिल, गुरुवार

आजही नाही. डॉक्टरीणबाईंचा फोन. ‘कंटाळा आला असेल तर नका येऊ. थेंब मात्र घाला. आणि चेहरा आता थांबायचा नाही हं, तुम्ही या न या.’

म्हणजे माझ्या हातात तेही नाही.

संध्याकाळी बाबा म्हणाले, ‘बाई, मुलगी आली की मला सांगा. तिच्याशी बोलायचंय.’ मी हो म्हटलं. काय बोलायचंय विचारलं नाही.

१४ एप्रिल, मंगळवार

डोळा पूर्ण मिटतो. पाणी सांडत नाही. बाबा जेवताना घास हातात धरून माझ्याकडे बघत राहतात. मुलीचा विषय काढत नाहीत.

‘बाबा’ नीट म्हणता येतं. एकटीने म्हणून पाहिलं, न्हाणीघरात. त्यांच्यासमोर म्हटलेलं नाही.

१९ एप्रिल, रविवार

सकाळी चहा नेला. बाबांनी वर पाहिलं. ‘कुठे होतीस इतके दिवस?’

‘इथेच होते, बाबा.’

मान हलवली. कप हातात घेतला, प्याले नाहीत. मग माझ्याकडे न बघता म्हणाले –

‘मला आता काही बोलायला लावू नकोस. त्या बाईंजवळ सगळं सांगून ठेवलंय. त्यांना विचार.’