दादाच्या पिनबॉलचं पुस्तक

३ मार्च
संपादकांनी बाड परत पाठवलं. म्हणे, ज्या पुस्तकात पिनबॉल येतो त्यात माणूस म्हणजे चेंडू, इकडे तिकडे आपटत शेवटी खालच्या भोकात जाणार! तुमचं नवीन काय? नवीन काहीच नाही. माझा दादाच तसा चाललाय, त्याला मी काय करू?

५ मार्च
दादाकडे गेले. चाळीस वर्षं पिनबॉलची, नाणं टाकून चेंडू उडवत खेळायची, यंत्रं दुरुस्त केलेला माणूस, आता खाटेवर. साखरेनं आधी डोळे नेले, आता मूत्रपिंडं. डॉक्टर म्हणाले, फार तर दोन महिने. त्याच्यावरच लिहिलेलं पुस्तक त्याच्या कानावर पडायला हवं — एवढ्यासाठी माझी घाई. वहिनी रोज दुपारी थोडं थोडं वाचून दाखवते.

९ मार्च
दादानं चूक काढली! माझा नायक यंत्रासमोर नुसता उभा. दादा म्हणाला, चेंडू निसटायला लागला की खेळणारा बघत बसत नाही, यंत्राला कंबरेनं हलकेच धक्का देतो. जोरात दिला तर यंत्र रुसतं, दिवे जातात, डाव बाद. "तुम्ही लिहिणारे सगळे चेंडूकडेच बघता," म्हणाला. "कुणी कधी खेळलेलं दिसत नाही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाळेतून आले की त्याच्या दुकानात बसून डबा खायचे, पण एकदाही खेळले नाही. तिसरं प्रकरण पुन्हा लिहावं लागणार.

१० मार्च
लिहिलं. आता नायक धक्का देतो. तरी शेवटी मरतोच. दुसरं काय लिहू? दादाच्या रिपोर्टला कुठून धक्का द्यायचा?

१८ मार्च
एक ओळ नाही.

२४ मार्च
शेवटची वीस पानं वहिनीच्या हातात कोंबली आणि निघाले. तो ऐकत असताना तिथे बसायची हिंमत नव्हती. भित्री आहे मी, झालं.

२६ मार्च
दादाचा फोन. आवाज खोल गेलेला, पण खुशीत. "शेवट झकास जमलाय गं. म्हातारा उठतो, दुकान उघडतो, बायकोला खेळायला शिकवतो. तू असं लिहिशील वाटलं नव्हतं."

मी असं लिहिलेलं नाही. वहिनीला फोन द्यायला सांगितलं. ती आतल्या खोलीत गेली बहुतेक, दार लागल्याचं ऐकू आलं.

"वन्सं, ते माझ्या तोंडातून निघेना," म्हणाली.